पडद्यावरची रमा आणि पडद्यासमोरची स्त्री

संध्याकाळच्या जलद गाडीने डोंबिवलीला उतरणाऱ्या स्त्रियांच्या डब्यात शहराच्या मनाचा जेवढा ठाव लागतो, तेवढा महापालिकेच्या सभागृहात लागत नाही. मटार सोलत, मेथी निवडत, प्रसंगी एका पायावर उभे राहून तेथे जी चर्चा चालते, तिचे विषय ठरलेले असतात: भाजीचे भाव, मुलांच्या शिकवण्यांची फी, सासरची माणसे आणि रात्रीच्या मालिका. यांपैकी पहिल्या विषयाचे महत्त्व समाजवादी चळवळीला पटलेले आहे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी महागाईविरुद्ध लाटणी हाती घेतलेल्या स्त्रियांना रस्त्यावर आणले, तो इतिहास प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. शेवटच्या विषयाकडे मात्र चळवळीने तुच्छतेनेच पाहिले. रात्री आठनंतर प्रचाराला गेले तर कोणी दार उघडत नाही, उघडले तर अर्धे लक्ष आतल्या खोलीत असते, ही कार्यकर्त्यांची जुनी तक्रार. 'मालिकांनी बायकांची डोकी बिघडवली' या एका वाक्यात तिचा निकाल लावला जातो आणि सतरंजी गुंडाळली जाते.

हे निदान सोपे आहे, आणि म्हणूनच संशयास्पद आहे. सासूने सुनेला छळावे, सुनेने सोसावे आणि शेवटी दोघींनी दागिने मिरवावेत, अशा मालिकांपुरते ते कदाचित चालेल. पण ज्या मालिकेचा विषयच स्त्रीशिक्षण आहे, तिचे काय करायचे? 'झी मराठी' वाहिनीवर मार्च २०१२ ते जुलै २०१३ या काळात 'उंच माझा झोका' ही मालिका चालली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांचे चरित्र हा तिचा विषय. दिग्दर्शन वीरेंद्र प्रधान यांचे. तेजश्री वालावलकर या बालकलाकाराने छोटी रमा उभी केली, पुढे स्पृहा जोशी यांनी प्रौढ रमाबाई साकारल्या, आणि विक्रम गायकवाड न्यायमूर्ती झाले. एकोणिसाव्या शतकातील पुण्याचा वाडा, सोवळेओवळे, विहीर, माजघर, लाल आलवणातल्या विधवा आणि या सर्वांच्या मधोमध पाटीवर अक्षरे गिरवणारी एक मुलगी. हे चित्र महिनोन्‌महिने घराघरांत पाहिले गेले. डोंबिवलीसारख्या शहरात, जेथे मराठी पांढरपेशा वर्ग दाटीने राहतो आणि जेथे बँक, विमा कंपनी, मंत्रालय, शाळा येथे नोकरी करणाऱ्या स्त्रियांची दुसरी-तिसरी पिढी नांदते आहे, तेथे या मालिकेचा नाद लागणे अगदी स्वाभाविक होते.

नाद हा शब्द मुद्दाम वापरला आहे. व्यसन म्हणण्यात निंदा आहे, आवड म्हणण्यात विषयाची तीव्रता उणावते. नाद लागला म्हणजे काय, हे ज्यांनी घरात पाहिले त्यांना ठाऊक आहे. नेहमीची गाडी चुकली तर पहिली हळहळ भाग चुकण्याची. कुकरच्या शिट्ट्या जाहिरातींच्या वेळी व्हाव्यात असा बेत. पाहुणे आले तरी त्यांना सोबत घेऊन पाहणे. आणि हे सर्व जिच्याकडून घडते ती स्त्री पदवीधर आहे, पगार मिळवते आहे, निवडणुकीत आपले मत आपण ठरवते आहे. रमेला पाटी-पुस्तक मिळावे म्हणून ती कासावीस होते. तिच्या स्वतःच्या आजीला ते मिळाले नव्हते, आईला निम्मे मिळाले, तिला पूर्ण मिळाले. ज्या गोष्टीचा निकाल शंभर वर्षांपूर्वी लागला, तिच्यासाठी दररोज जीव टांगणीला लागावा, याचे कारण काय?

एक कारण सरळ आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. आपण कोठून आलो, हे स्त्रियांना शाळेच्या इतिहासाने सांगितले नाही. त्या पुस्तकात तह होते, लढाया होत्या, व्हाइसरॉय होते. माजघरात काय घडले त्याचा धडा नव्हता. रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी वाचले. बाकीच्यांना त्याचे नावही ऐकून माहीत. मालिकेने ते माजघर उघडले. अकरा वर्षांची मुलगी एकतीस-बत्तीस वर्षांच्या विधुराला दिली जाते, तिला अक्षरओळख नाही, नवरा शिकवू लागतो, घरातील बायका टोमणे मारतात, शिकवणीची वेळ चोरून काढावी लागते. हे पाहताना प्रेक्षक स्त्रीला आपल्या घराण्याची नोंद सापडल्यासारखे वाटले असेल तर त्यात हसण्यासारखे काही नाही.

दुसरे कारण मात्र इतके निष्पाप नाही. ते समजण्यासाठी पडद्यासमोर बसलेल्या स्त्रीचा दिवस पाहावा लागतो. सकाळी साडेपाचला उठणे, डबे, पाणी, मुलांची शाळा, धावत स्टेशन, गर्दीत तासाभराहून अधिक प्रवास, कचेरी, पुन्हा तोच प्रवास, स्टेशनबाहेर चिरलेली भाजी किंवा पोळी-भाजी केंद्रातल्या पोळ्या, पाळणाघरातून मूल आणि मग स्वयंपाक. हा वैयक्तिक दुर्दैवाचा प्रश्न नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या कालविनियोग पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि ते करणाऱ्या पुरुषाची ९७, असे आढळले. पाहणीच्या दिवशी असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, तीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटांवर आले. स्त्रीची दहा मिनिटे वाचली हे खरे. ती पुरुषाने उचलली नाहीत, कारण त्याचीही नऊ कमी झाली. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नात या तासांची नोंद होत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तर एक जुना विनोद आहे की माणसाने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी त्यावर हसले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले.

या दिवसात मालिकेचा अर्धा तास हा बसण्याचा एकमेव अर्धा तास असतो. पुष्कळदा तोही पूर्ण बसण्याचा नसतो; मांडीवर लसणाची पाकळी आणि हातात सुरी असतेच. अशा अर्ध्या तासात समोर येते ती रमा. तिच्या हालांशी तुलना करता आपले हाल सुखाचे वाटू लागतात. ऐतिहासिक मालिकेची ही खुबी आहे. ती अन्याय दाखवते, पण नऊवारी नेसवून दाखवते. सोवळे, केशवपन, बालविवाह हे शत्रू ओळखायला सोपे असतात, कारण ते हरलेले असतात. त्यांच्याविरुद्ध संतापण्याला काही किंमत मोजावी लागत नाही. भाग संपला की डोळे पुसून ती उठते आणि चार जणांची ताटे घासायला टाकते, तेव्हा पडद्यावरचा संताप आणि मोरीतली भांडी यांचा परस्परसंबंध तिला दिसू नये, अशीच या कथनाची मांडणी असते. दिग्दर्शकाने तो हेतू धरला असेल असे नाही. भूतकाळाला भूतकाळ म्हणून सजवले की हे आपोआप घडते.

यातच 'समंजस नवरा' या पात्राची मोहिनी मिसळते. या मालिकेचा खरा नायक न्यायमूर्ती आहेत, असे म्हटले तर अनेक प्रेक्षक स्त्रियांना राग येईल. पण त्यांच्या गप्पांचा कानोसा घेतला तर तेच आढळते. त्यांची शांत मुद्रा, न चिडता समजावणे, रात्री दिव्याशी बसून शिकवणे. 'असा नवरा मिळायला भाग्य लागते' हा उद्गार स्त्रीमुक्तीच्या कथेतून निघावा, ही गंमत नव्हे तर गोम आहे. प्रत्यक्ष इतिहास याहून कठोर आहे. १८६६ साली विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या विधवाविवाह मंडळींच्या चळवळीत रानडे अग्रभागी होते. १८७३ मध्ये स्वतःची पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या रमेशी लग्न केले. तिला शिकवले, मोठे केले, यात शंका नाही. पण तिचे स्वातंत्र्य ही त्यांनी दिलेली वस्तू होती. नाशिकला रमाबाईंनी केलेले पहिले जाहीर भाषण न्यायमूर्तींनीच लिहून दिलेले होते. त्यांच्या पुस्तकाचे नावही 'माझ्या' आयुष्यातील नसून 'आमच्या' आयुष्यातील आहे. डोंबिवलीच्या शेजारी कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवून पुढच्याच वर्षी वारलेल्या आनंदीबाई जोशींचे तसेच झाले. श्री. ज. जोशी यांची कादंबरी आली १९६८ मध्ये, समीर विद्वांस यांचा चित्रपट २०१९ मध्ये. दोन्हींच्या नावात आनंदीच्या पाठोपाठ गोपाळ आहेच.

नवऱ्याच्या परवानगीने मिळणारे स्वातंत्र्य आजही संपलेले नाही, आणि ते सर्वांत ठळकपणे दिसते राजकारणातच. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. कल्याण-डोंबिवलीच काय, कोठल्याही शहरात चौकातील फलक पाहावेत. नगरसेविकेच्या छायाचित्राशेजारी तेवढ्याच आकाराचे तिच्या पतीचे छायाचित्र असते आणि फोन तोच उचलतो. भाषण लिहून देण्याची प्रथा नाशिकच्या त्या सभेबरोबर बंद पडली असे समजण्याचे कारण नाही. या बाबतीत समाजवादी पक्षांनीही फार मोठ्या आवाजात बोलू नये.

आता या नादाचा जमाखर्च. दूरचित्रवाणीवर मालिका फुकट दिसते असा समज आहे. वस्तुतः तेथे प्रेक्षक हाच माल आणि जाहिरातदार हा गिऱ्हाईक असतो. भारतात मालिकेचा नाद लावण्याचा पहिला मोठा प्रयोग सरकारने केला, तोही स्त्रियांच्या हिताच्या नावाने. मेक्सिकोतील प्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर कुटुंबनियोजन आणि स्त्रीचा दर्जा हे विषय घेऊन १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. ती पुरस्कृत केली दोन मिनिटांत शिजणाऱ्या नूडल्सच्या कंपनीने. उपदेशाचा भाग पुढे पातळ होत गेला, नूडल्स मात्र घरोघर पोचल्या. येथे योगायोग काही नव्हता. प्रबोधन ज्या स्त्रीसाठी होते, तिच्याजवळ वेळ नव्हता. नूडल्सवाल्याला हे सरकारपेक्षा आधी कळले. तिचे काम घरातल्या इतरांनी वाटून घ्यावे, हा एक मार्ग होता. तिला दोन मिनिटांत होणारे अन्न विकावे, हा दुसरा. पहिल्यात कोणाचाच नफा नव्हता.

आज खासगी वाहिन्यांच्या काळात हा व्यवहार अधिक चोख झाला आहे. नियमानुसार तासाला बारा मिनिटे जाहिरातींना आणि वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीला देता येतात. त्या मिनिटांचा दर ठरतो तो देशभरातील काही हजार घरांत बसवलेल्या मापनयंत्रांवरून. आणि या घरांची वर्गवारी कशी होते? कुटुंबातील मुख्य मिळवत्याचे शिक्षण किती, आणि घरात पंखा, फ्रिज, धुलाईयंत्र, मोटार अशा टिकाऊ वस्तू किती, यावरून. म्हणजे प्रेक्षक स्त्रीच्या अश्रूंचे मोल तिच्या घरातील वस्तूंच्या यादीवर ठरते. समाजवाद्यांना हे ऐकून आश्चर्य वाटू नये. बाजारात मत मोजले जात नाही, ऐपत मोजली जाते, हे जुनेच सूत्र आहे. पण त्याचा परिणाम कोणता इतिहास सांगितला जावा यावरही होतो, हे ध्यानात घ्यावे लागते.

'सोनी मराठी' वाहिनीवर जानेवारी २०२० मध्ये 'सावित्रीजोती' ही मालिका सुरू झाली. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांचे जीवन दररोज दाखवणारी ही मालिका डिसेंबर २०२० मध्ये बंद करण्यात आली. कारण एकच: प्रेक्षकसंख्येचा आकडा. मधल्या काळात साथीमुळे चित्रीकरणे थांबली होती, हे मान्य करावे लागेल. वाहिनीवाहिनीच्या पोचेतही फरक असतो. तरीही ज्या प्रेक्षकवर्गाने रमाबाईंना सोळा महिने जवळ केले, त्याने सावित्रीबाईंना वर्षभरही का दिले नाही, हा प्रश्न केवळ साथीवर ढकलता येत नाही. डोंबिवलीच्या मोठ्या नाट्यगृहाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. तेथे नाटक पाहायला जाणे, आणि त्या नावाची बाई रोज रात्री घरात येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सावित्रीबाईंची कथा वाड्याच्या आत राहत नाही, हे याचे मुख्य कारण असावे. १८४८ मधील पुण्यातील शाळा, १८६३ मधील बालहत्या प्रतिबंधक गृह, सत्यशोधक समाज, १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना आलेला मृत्यू, या सगळ्यांत प्रतिपक्ष हा एखादी खाष्ट आत्याबाई नाही. प्रतिपक्ष आहे जातिव्यवस्था, आणि प्रेक्षकांपैकी पुष्कळांचे पूर्वज त्या बाजूला उभे होते. रमेची कथा पाहताना पांढरपेशा प्रेक्षक स्वतःला रमेच्या जागी ठेवतो. सावित्रीबाईंवर शेण फेकले जाताना त्याने स्वतःला कोठे ठेवावे? अस्वस्थ करणारा प्रश्न रिमोटच्या एका कळीने टाळता येतो. दोन स्त्रियांत लहानमोठे ठरवण्याचा येथे हेतू नाही. रमाबाईंचे कार्य कमी प्रतीचे होते असे म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. प्रश्न प्रेक्षकाच्या सोयीचा आहे.

तर मग मालिका पाहून काहीच घडत नाही काय? असे म्हणणेही पुराव्याला सोडून होईल. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली येथील ग्रामीण कुटुंबांची पाहणी आहे. ज्या गावांत केबल आली तेथे, नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे मानणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, आणि घरातील निर्णयांत स्त्रीचा शब्द वाढला, असे त्यांना दिसले. ब्राझीलमध्येही मालिकांतील लहान कुटुंबे पाहून जन्मप्रमाण घटल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे. या निष्कर्षांवर आक्षेप घेता येतात. स्त्रीने पाहणी करणाऱ्याला दिलेले उत्तर बदलले म्हणजे तिच्या घरातील वागणूक बदललीच असे नव्हे. पण उत्तर बदलणे हीसुद्धा लहान गोष्ट नाही. मार खाणे हा आपला दोष नाही, हे एकदा तरी मोठ्याने म्हणता येणे, येथून पुष्कळ गोष्टी सुरू होतात. म्हणून मालिकेला अफू ठरवणाऱ्या कार्यकर्त्याने थोडे थांबावे. सासू-सुनेच्या मालिकांनी जर खेड्यात एवढे घडले असेल, तर रमेने डोंबिवलीत काहीच घडवले नाही असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

घडले ते कोठवर जाते, हा खरा प्रश्न आहे, आणि येथे रमाबाईंच्या आयुष्याचा दुसरा भाग उपयोगी पडतो. न्यायमूर्ती १९०१ मध्ये वारले. 'आठवणी' तेथे थांबतात. रमाबाई त्यानंतर २३ वर्षे जगल्या. या काळात सांगायला घरात नवरा नव्हता, भाषण लिहून द्यायला कोणी नव्हते. विधवा स्त्रीने घराबाहेर पडू नये असे मानणाऱ्या समाजात त्या तुरुंगात आणि इस्पितळात जात राहिल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेथे विधवांना परिचारिकेचे आणि शिक्षिकेचे शिक्षण मिळू लागले. म्हणजे पगार मिळू लागला. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून पुण्यात जी चळवळ झाली, तीत लोकमान्यांच्या अनुयायांचा विरोध पत्करून त्या पुढे राहिल्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून मुंबई इलाख्यात १९२१ च्या सुमारास झालेल्या खटपटीतही त्या होत्या. ही रमाबाई दिव्याशी बसलेली नाही. ती संस्था चालवते, वर्गणी गोळा करते, हिशेब ठेवते, निवेदने देते, मोर्चात चालते. प्रेक्षकांच्या स्मरणात मात्र आजही परकर-पोलक्यातली रमाच आहे. तिच्यावर माया करता येते. दुसरीच्या मागे चालावे लागते.

आणि माजघराबाहेरचा इतिहास अजून बाकीच आहे. केशवपनाच्या दृश्याला प्रत्येक ऐतिहासिक मालिकेत प्रेक्षक रडतो. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यावर वेगळा उपाय काढला. त्यांनी नाभिकांना एकत्र केले आणि १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचे नाकारले. ज्याच्या हातांनी अन्याय होतो, त्या हातांनीच काम थांबवावे, ही कामगार चळवळीची रीत स्त्रीप्रश्नाला लावण्याचा हा पहिलावहिला प्रयत्न. याच लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. ती त्यांना कोणी लिहून दिली नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ठाणे-डोंबिवलीचा नोकरदार आज ज्या रविवारी दुपारी आडवा होतो, त्याची जन्मकथा ही आहे. आणि तीत रडण्यापेक्षा रोमहर्षक भाग अधिक आहेत.

हा इतिहास लोकांपुढे कोणी न्यायचा? वाहिनीने न्यावा अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. समाजवादी चळवळीला रंजनाचे एवढे वावडे पूर्वी नव्हते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने पु. ल. देशपांडे, वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले यांच्यासारख्यांच्या जोरावर गावोगाव लोक हसवले आणि जागेही केले. स्त्रीमुक्ती संघटनेचे ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ पासून वस्त्यावस्त्यांत, मैदानांवर, शाळांत होत राहिले. त्याला नाट्यगृहाचे भाडे लागले नाही आणि प्रेक्षकसंख्या मोजायला यंत्र लागले नाही. त्या नाटकानंतर बायका घरी परतत नसत, आपले सांगायला थांबत. मालिका आणि चळवळीचे नाटक यांतील फरक याच एका गोष्टीत आहे. मालिका प्रत्येकीला आपल्या घरात एकटीला रडवते. दुसऱ्या दिवशी गाडीच्या डब्यात त्या एकत्र येतात, तेव्हा बोलणे रमेविषयी होते. स्वतःविषयी होण्याच्या आत डोंबिवली येते.

त्या बोलण्याला बसायला जागा देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे, आणि त्यासाठी मालिकेची निंदा करत घरात शिरण्याचे कारण नाही. वाचनालयाच्या खोलीत, सोसायटीच्या गच्चीवर, महिला मंडळात 'आठवणीं'चे वाचन ठेवता येते. जुन्या मालिकांचे भाग आता मोबाईलवर मिळतात. एखादा भाग एकत्र पाहून, त्या घरात स्वयंपाक कोण करत होते, एवढा एकच प्रश्न विचारता येतो. त्या वाड्यातल्या विधवा आश्रितांकडे कोणाचे लक्ष गेले नसेल तर तेव्हा जाईल. आणि तेथून प्रश्न आजच्या घरात यायला वेळ लागत नाही, कारण डोंबिवलीतल्या नोकरदार स्त्रीला बसायला मिळणारा तो अर्धा तासही पुष्कळदा दुसऱ्या एका बाईने मिळवून दिलेला असतो.

ती बाई स्टेशनपलीकडच्या चाळीतून येते, चार घरची धुणीभांडी करते आणि रात्री स्वतःच्या खोलीत तीच मालिका पाहते. रमेसाठी तीही रडते. फक्त मापनयंत्राच्या वर्गवारीत तिच्या रडण्याला भाव कमी. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी, ओळखपत्र, अडीअडचणीला थोडी मदत, एवढे त्याचे स्वरूप आहे. साप्ताहिक सुट्टीचा हक्क त्याने दिलेला नाही. म्हणजे लोखंड्यांनी गिरणी कामगाराला १८९० मध्ये मिळवून दिलेला रविवार, लोखंड्यांच्याच जिल्ह्यातल्या या कामगार स्त्रीपर्यंत अजून पोचायचा आहे. उलट रविवारी सगळे घरी असतात, दोन वेळा जेवणे होतात, भांडी दुप्पट पडतात, आणि दुपारी वाहिनीवर तासाभराचा खास भाग असतो म्हणून तिला जरा लवकर यायला सांगितले जाते. पक्षाच्या महिला आघाडीने डोंबिवलीत पुढचे काम कोठून सुरू करावे, असे विचारले जाते. या रविवारापासून करावे. त्यासाठी मालकिणीशी बोलावे लागेल, कामवालीशी बोलावे लागेल, आणि भाग संपल्यावर दोघींना एका खोलीत बसवावे लागेल.